क्रिप्टोचे पाकीट आणि बारा शब्दांची किल्ली

फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने 'गेनबिटकॉइन' प्रकरणात देशभरात साठ ठिकाणी छापे घातले. दिल्ली, पुणे, चंदीगड, बंगळूर, कोल्हापूर या नावांच्या रांगेत आपल्या नांदेडचेही नाव होते. आमच्या कंधारच्या बाजारात त्या दिवशी या बातमीवर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, बिटकॉइन हा जुगारच आहे. कोणी म्हणाले, हॅकरने पैसा उडवला असेल. दोन्ही बोलणी मुद्द्याला धरून नव्हती. त्या योजनेत कोणाचे कुलूप फोडावे लागले नव्हते. लोकांनी आपली नाणी स्वतःच्या हाताने कंपनीच्या पाकिटात पाठवली होती.

प्रकरण थोडक्यात असे. २०१५ मध्ये अमित भारद्वाज याने ही योजना सुरू केली. बिटकॉइन आमच्याकडे द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, असा वायदा होता. सुरुवातीला बिटकॉइन मिळाले, म्हणून एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला ओढले. २०१७ मध्ये कंपनीने बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे स्वतःचेच नाणे हाती ठेवायला सुरुवात केली. त्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळे खटले सीबीआयकडे सोपवले. पैसे गुंतवणारे अजून वाट पाहत आहेत.

क्रिप्टो घ्यावे असे आम्ही कोणाला सांगत नाही. ही चीज जायज की नाजायज यावर उलेमांत मतभेद आहेत. तो फैसला आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारून करावा. आम्ही कपड्याचे व्यापारी. परंतु बिरादरीतली पुष्कळ तरुण मुले हा कारोबार करतात आणि आखातातून काही जण टेदर नावाचे डॉलरच्या भावाचे नाणे पाठवतात, हे डोळ्यांसमोर आहे. ज्यांच्याकडे माल आहे त्यांनी तो सांभाळायचा कसा, एवढाच हा विषय.

आधी पाकीट म्हणजे काय ते पाहू. नाव पाकीट असले तरी त्यात नाणी नसतात. नाणी कोणाकडे किती आहेत याची नोंद एका मोठ्या वहीत असते आणि त्या वहीच्या नकला जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या असतात. ती वही कोणालाही वाचता येते. पण तिच्यातली रक्कम एका नावावरून दुसऱ्या नावावर करायची तर किल्ली लागते, आणि पाकिटात असते ती किल्ली. पूर्वी शहाजोग हुंडी पटवताना पेढीवाला आणणाऱ्याची पत बघत असे. माणूस ओळखीचा नसेल तर पैसे देत नसे. इथे पत बघणारा कोणीच नाही. ज्याच्या हाती किल्ली तो मालक. चुकून गेले तर परत मागायला मॅनेजर नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, तसा विमाही नाही.

नवे पाकीट उघडले की फोन आपल्याला इंग्रजी शब्द दाखवतो. कधी १२ असतात, कधी २४. तेच सगळे काही. फोन विहिरीत पडला तरी हे शब्द दुसऱ्या फोनमध्ये, त्याच क्रमाने भरले की नाणी पुन्हा समोर येतात. याचाच दुसरा अर्थ, शब्द ज्याला मिळाले त्याला आपल्या फोनची गरज नाही. तो झारखंडात बसून आपले पाकीट रिकामे करील आणि आपला फोन आपल्याच खिशात राहील.

मागच्या वर्षी ओळखीच्या एका मुलाने आम्हाला आपले पाकीट हौसेने दाखवले. शब्द कोठे ठेवलेस, विचारले. त्याने फोनमधले फोटो उघडले. मुलीच्या वाढदिवसाच्या केकनंतरचाच फोटो बारा शब्दांचा! हा फोटो आपोआप गूगलच्या साठ्यातही चढला होता. २०२५ च्या सुरुवातीलाच 'स्पार्ककॅट' नावाचा विषाणू उघडकीस आला होता. तो फोनमधले फोटो वाचून त्यांत असे शब्द शोधतो, आणि तो ज्या ॲपमधून शिरला त्यांतले काही गूगल आणि ॲपलच्या अधिकृत दुकानांतले होते. त्या मुलाला आम्ही फोटो पुसायला सांगितला नाही. नुसता पुसून काही होत नाही. नवे पाकीट, नवे शब्द, आणि सगळी रक्कम त्या नव्या पाकिटात हलवणे, हाच इलाज. पासवर्ड बदलून जुने शब्द बदलत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

शब्द कागदावर, हाताने लिहावेत. येथे आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी खास खबरदारी घ्यावी. आपला कल उच्चाराप्रमाणे उर्दूत किंवा मराठीत उतरवून घेण्याकडे असतो. पण चाकूचा इंग्रजी शब्द 'नाईफ' असा लिहिला तर त्याच्या पुढचे मुके 'के' अक्षर गेले, आणि दोन वर्षांनी ते आठवेलच असे नाही. म्हणून पडद्यावर दिसते तसे इंग्रजी अक्षरांतच, क्रमांक घालून उतरवावे आणि दोनदा ताडून पाहावे. बहुतेक पाकिटांतले हे शब्द २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि त्या यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. तेव्हा अक्षर गिचमिड असले तरी पहिली चार स्पष्ट असावीत.

कागदाला आपल्याकडे वाळवी लागते, पावसाळ्यात ओल येते. दोन प्रती करून दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. रक्कम मोठी असेल तर काही लोक स्टीलच्या पट्टीवर शब्द ठोकून ठेवतात. चांगली युक्ती आहे, पण भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे ती पट्टी नेऊ नका! त्याने वाचले की संपले. अक्षरांचे ठोके हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आपल्यातल्या कारागिरांना हातोडी धरायला कोणी शिकवायला नको.

पूर्ण दिवसाची विक्री आपण गल्ल्यात ठेवत नाही. रात्री तिजोरीत टाकतो. तसेच येथे करावे. रोजच्या देवघेवीपुरती थोडी रक्कम फोनमधल्या पाकिटात असावी. बाकीची अशा पाकिटात असावी ज्याची किल्ली इंटरनेटला जोडलेली नाही. त्यासाठी पेनड्राइव्हएवढे छोटे यंत्र मिळते. लेजर, ट्रेझर ही त्यांतली जुनी नावे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावे, कोणाचे वापरलेले घेऊ नये. डब्यात शब्द आधीच छापून आले असतील तर ते यंत्र वापरू नये, कारण ते शब्द छापणाऱ्यालाही माहीत आहेत. शब्द यंत्राने आपल्यासमोर नव्याने बनवायला हवेत.

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, सगळे एक्स्चेंजवर ठेवू. एक्स्चेंजवर ठेवले म्हणजे किल्ली त्यांच्याकडे, आपल्याकडे फक्त त्यांच्या वहीतला आकडा. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या मुंबईच्या एक्स्चेंजच्या पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलरचा माल गेला. ते पाकीट उघडायला अनेकांच्या सह्या लागत होत्या. तरीही सह्या करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसला आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. ग्राहकांचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. जवळजवळ वर्षाने, १९ जुलै २०२५ ला, कॉइनडीसीएक्सचे सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ग्राहकांचा नव्हे, आमचा स्वतःचा पैसा गेला असे कंपनीने सांगितले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार वाट सापडली ती बंगळूरच्या एका कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपमधून. त्याला कोणी जोडधंद्याचे काम देऊ केले होते आणि कामाच्या फायलीबरोबर चोर आत आला.

आपल्या कंधारच्या किल्ल्याभोवती केवढा खंदक आहे. असे किल्ले बाहेरून घेणे कठीण. घेणारे बहुधा आतल्या माणसाकडून दरवाजा उघडून घेत. क्रिप्टोच्या चोरीतही हॅकर कुलूप तोडत बसत नाही. तो किल्ली मागतो, आणि मागण्याची रीत अशी की आपण ती देतो.

त्या रीती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. टेलिग्रामवर आपण अडचण लिहिली की पाच मिनिटांत 'कंपनीचा मदतनीस' हजर होतो आणि खाते तपासण्यासाठी शब्द मागतो. खऱ्या कंपनीला शब्द कधीच लागत नाहीत. कोणी एनीडेस्क टाकायला सांगून आपला पडदा पाहतो. कोणी पाकिटाच्याच नावाचे नकली ॲप व्हॉट्सॲपवर एपीके फाइल म्हणून पाठवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली. ती एपीके फाइल होती, आणि त्याच्या बँक खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. लग्नसराईत आपण पत्रिका न पाहता कसे राहणार? पाहावी, पण ती चित्र किंवा पीडीएफ असावी. पत्रिकेसाठी ॲप बसवावे लागत असेल तर ती पत्रिका नाही.

आणखी एक बारीक लबाडी पाहा. पाकिटाचा पत्ता म्हणजे तीस-चाळीस अक्षरांची लांब ओळ. चोर त्याच्यासारखाच दिसणारा पत्ता बनवतो, ज्याची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे तीच असतात, आणि त्या पत्त्यावरून आपल्याला फुटकळ रक्कम पाठवतो. पुढच्या वेळी आपण जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलतो आणि माल चोराकडे जातो. यादीतून पत्ता कधी घेऊ नये. मधली अक्षरेही ताडावीत. मोठी रक्कम असेल तर आधी थोडी पाठवून, समोरच्याला फोनवर पोहोचल्याचे विचारून मग बाकीची पाठवावी. सुरतेच्या नव्या आडत्याकडे पहिला सौदा आपण छोटाच करतो की नाही?

'हलाल' हा शब्द ऐकून विरघळू नये. बंगळूरच्या आयएमएने हलाल नफ्याच्या नावाने आपल्याच लोकांकडून ठेवी घेतल्या आणि जून २०१९ मध्ये तिचा मालक दुबईला निघून गेला; जुलैत परतल्यावर त्याला अटक झाली. नफा आधीच ठरवून देणारा व्यापार कोणता, हे निदान व्यापाऱ्याने तरी विचारावे.

'जाणकार' माणसाबाबतही हेच. गेनबिटकॉइनच्या तपासात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये दोन तज्ज्ञ मदतीला घेतले होते. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी होता. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. आरोप असा की, आरोपींच्या पाकिटांतली नाणी त्यांनी आपल्या पाकिटांत वळवली आणि पोलिसांना बदललेली चित्रे दाखवली. जिथे पोलिसांच्या डोळ्यांसमोर असे घडल्याचा आरोप होतो, तिथे मोबाइल दुकानातल्या पोराकडून पाकीट 'सेट करून' घेणारा किती सुरक्षित, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

ज्यांना टेदर विकून रुपये घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. अनोळखी माणसाला परस्पर विकले आणि त्याने दिलेला पैसा कोणाच्या फसवणुकीतला निघाला, तर दुसऱ्या राज्याचे सायबर पोलीस आपले खाते गोठवतात. दुकानाचे चालू खाते गोठले तर माल उचलणे, चेक वटणे, नोकरांचा पगार, सगळे थांबते. असा व्यवहार दुकानाच्या खात्यावर मुळीच करू नये. कराचे नियम सोपे आहेत आणि कडकही आहेत. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर बसला, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. विवरणात दाखवावे.

एक गोष्ट कोणी बोलत नाही. घरचा कर्ता माणूस अचानक गेला तर? जमीन, दुकान, बँक यांची विरासत वारसांना हिश्शाने मिळते. क्रिप्टोची किल्ली मयताबरोबर गेली तर कोणते कोर्ट, कोणता काझी ती नाणी काढून देणार? बायको-मुलांना शब्द सांगायची गरज नाही. बंद लिफाफा कोठे आहे आणि आपल्यामागे तो कोणासमोर उघडायचा, एवढे त्यांना माहीत असावे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा असा हुकूम आपल्याला आहेच. घरातल्या मालाची एक ओळ लिहायला काय हरकत?

चोरी झालीच तर रडत बसू नये. पाकिटात काही उरले असेल तर ते ताबडतोब दुसऱ्या, नव्या शब्दांच्या पाकिटात हलवावे. लगेच १९३० या नंबरवर फोन करावा किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार लिहावी. व्यवहाराचा लांब क्रमांक, चोराचा पत्ता, वेळ आणि सगळ्या संभाषणाची चित्रे जपून ठेवावीत. चॅट पुसू नये. चोराने नाणी एखाद्या एक्स्चेंजवर नेली असतील तर ती तिथे अडवता येतात, पण तेवढ्यासाठी तास मोजून असतात. आणि तक्रारीनंतर आठवड्याभरात कोणी फोन करील, 'तुमचा गेलेला माल आम्ही परत काढून देतो, फक्त थोडी फी आधी भरा.' तो त्याच टोळीतला असतो, किंवा त्या टोळीकडून आपले नाव विकत घेतलेला. त्याचा नंबरही पोलिसांना द्यावा.