क्षमेची वारी

आषाढ शुद्ध एकादशीच्या पहाटेपासून वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराकडे भाविकांचा ओघ सुरू होतो. ज्यांना पंढरी गाठता येत नाही, त्या मुंबईकरांची ही प्रतिपंढरी. कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर आषाढाची सर आणि मुखी विठ्ठलनाम, अशा त्या गर्दीतून दर्शन घेऊन बाहेर पडावे आणि अँटॉप हिलची वाट धरावी. थोडे अंतर चालून गेले की शेख मिस्री ह्यांचा दर्गा लागतो. मिस्री म्हणजे मिसर देशाचा. दूर देशीच्या ह्या अवलियाच्या कबरीपाशीही माणसे हात पसरून उभी असतात. एकाच पावसात भिजणारी ही दोन श्रद्धास्थाने पाहताना आमच्या मनात नेहमी एक विचार येतो. इतक्या दुरून, इतके कष्ट सोसून माणूस देवाच्या दारी जातो, तो नेमके काय मागायला?

हा विचार आषाढीलाच मनात यावा, ह्याला एक कारणही आहे. २०२२ साली १० जुलैला आणि २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी व बकरी ईद एकाच दिवशी आल्या. मुसलमानांचा महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून जिल्हेज महिन्याची दहावी तारीख आपल्या शुद्ध एकादशीच्या आगेमागेच पडते. त्यांच्या पंचांगात अधिक मास नसल्याने त्यांचे सण ऋतूंमधून मागे मागे सरकत जातात आणि कधीतरी आषाढाला येऊन भेटतात. २०२३ साली राज्यात अनेक ठिकाणच्या मुस्लिम बांधवांनी एकादशीचा मान राखून त्या दिवशी कुर्बानी न देण्याचे ठरविले, हे आपण विसरू नये.

ही ईद येते ती हजयात्रेच्या दिवसांत. हजला निघणारा माणूस अंगावरची शिवलेली वस्त्रे उतरवतो आणि दोन पांढरी, बिनशिवणीची वस्त्रे परिधान करतो. मग श्रीमंत कोण आणि हमाल कोण, हे ओळखू येत नाही. ‘प्रभो, मी आलो आहे, तुझ्यापुढे हजर आहे’ अशा अर्थाचा घोष करीत तो मक्केत येतो, काबागृहाला सात प्रदक्षिणा घालतो. सफा आणि मरवा ह्या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा करतो. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधीत बीबी हाजरा जेथे व्याकुळ होऊन धावली, तीच ही वाट. आईच्या त्या तळमळीला दया येऊन ईश्वराने झमझमचा झरा दिला, अशी श्रद्धा आहे.

परंतु हजचा गाभा आहे तो नवव्या दिवशी. मक्केपासून सुमारे २० किलोमीटरवर अराफातचे मैदान आहे. माध्यान्हीपासून सूर्यास्तापर्यंत यात्रेकरू तेथे थांबतात. तेथे ना मूर्ती, ना गाभारा. उघड्या आभाळाखाली लाखो माणसे आपापल्या अपराधांची आठवण काढून अश्रू ढाळतात आणि करुणा भाकतात. तेथील टेकडीचे नावच मुळी दयेचा डोंगर. जो निर्मळ मनाने हज करतो, तो जन्मल्या दिवसाइतका शुद्ध होऊन परततो, अशी त्यांची धारणा आहे.

मात्र ह्या दयेला एक अट आहे, आणि तीच आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ईश्वराचा अपराध ईश्वर क्षमा करील. पण माणसाचा केलेला अपराध त्या माणसानेच क्षमा केला पाहिजे. इ. स. ६३२ मध्ये पैगंबरांनी आपल्या अखेरच्या हजच्या वेळी अराफातवरील प्रवचनात परस्परांचे प्राण आणि वित्त पवित्र मानण्याची शिकवण दिली. म्हणून हजला निघण्यापूर्वी ऋण फेडायचे, दुसऱ्याची वस्तू परत करायची आणि आप्तांच्या, शेजाऱ्यांच्या दारी जाऊन झाल्यागेल्याची माफी मागायची, अशी रीत आहे. मुंबईहून जेद्दाला यात्रेकरूंची जहाजे १९९५ पर्यंत जात असत. वृद्ध माणूस समुद्रापार निघाला की परतेल की नाही, ह्याची शाश्वती नसे. धक्क्यावरच्या त्या निरोपात क्षमायाचना ही केवळ रीत उरत नसे.

आपल्या घरी तरी वेगळे काय आहे? पूजेच्या शेवटी आपण हात जोडून न्यूनाधिकाची क्षमा मागतो. सकाळी अंथरुणातून उठताना भूमातेला पाय लागणार, म्हणून आधी तिची क्षमा मागतो. वरळीच्या समुद्रातील हाजी अलींची आख्यायिका येथे सहज आठवते. एका गरीब स्त्रीचे तेल सांडले. ती रडू लागली. पीराने भूमीत अंगठा रोवला, तेलाची धार उसळली, भांडे भरले. परंतु आपण धरित्रीला इजा केली, ही खंत पुढे त्यांना स्वस्थ बसू देईना. पुण्य करतानाही कोणाला दुखावले का, हे पाहणारे मन ते! आणि वारीत लहानथोर, स्त्रीपुरुष एकमेकांना ‘माउली’ म्हणत पायांवर डोके ठेवतात, ते तरी कशासाठी? देवाच्या पायांशी जाण्यापूर्वी माणसाच्या पायांशी वाकण्याचाच तो परिपाठ आहे.

हे सारे लिहिताना अँटॉप हिलचे एक दुखणे लपविणे बरे नव्हे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलीची झळ ह्या वस्तीलाही लागली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला भ्यावे, असे ते दिवस होते. पुढे श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला, त्यावर चर्चा झाल्या. न्यायाचे काम न्यायालयाचे. ते क्षमेने टळत नाही. परंतु मनातली अढी कोणताही आयोग काढू शकत नाही. तिला एका माणसाने दुसऱ्याच्या दारी जावे लागते, आणि दुसऱ्याने दार उघडावे लागते. पहिले पाऊल कठीण. दार उघडणे त्याहून कठीण.

आज उपवासाचे फराळाचे ताट पुढे येण्यापूर्वी आपण एवढे करून पाहू या. ज्या भावाशी वाटणीवरून बोलणे तुटले, ज्या शेजारणीला रागाच्या भरात लागेल असे बोललो, ज्याचे देणे ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून वर्षे लोटली, त्यातील एकाच्या तरी दारी जाऊन म्हणू या, ‘चुकले माकले क्षमा करा.’ मग वडाळ्याच्या रांगेत उभे राहावे. विटेवरचा तो सावळा कमरेवर हात ठेवून युगानुयुगे वाट पाहत उभा आहे; आपण शेजाऱ्याच्या दारावरून येतो म्हणून तासभर उशीर झाला, तर तो रागावणार नाही.