पाट्याचं दुसरं काम

भिवंडीला लोक यंत्रमागांचं गाव म्हणून ओळखतात. पण काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली ते वडपे अशी गोदामांची पट्टी पाहिली की हे गाव आता ट्रकवर चालतं, हे पटतं. माल सुताचा असो की ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचा, त्याचं वजन शेवटी गाडीखालच्या पोलादी पाट्यांवरच, म्हणजे लीफ स्प्रिंगवरच येतं. एक मेन पाटा, त्याखाली लहान होत गेलेले बाकीचे पाटे, मधून आरपार सेंटर बोल्ट आणि सगळ्यांना हाउसिंगशी, म्हणजे एक्सलच्या कवचाशी, आवळून धरणारे यू-बोल्ट. रचना घोडागाडीच्या काळातली, आणि अजून तिला निवृत्ती नाही.

वजन पेलणं हे पाट्याचं काम सगळ्यांना माहीत असतं. त्याला दुसरंही एक काम असतं, ते मात्र पाटा तुटल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत हाउसिंगला जागेवर धरायला वेगळे दांडे असतात. पाट्याच्या गाडीत हे कामही पाट्यानेच करायचं. इंजिन चाकाला पुढे फिरवतं तेव्हा हाउसिंगला उलट दिशेने फिरायचं असतं. इंजिनाचा जोर जिथून हाउसिंगमध्ये शिरतो ते पिनियनचं तोंड वर उठू लागतं आणि पाटा ते रोखून धरतो. जोर पाट्याच्या ताकदीबाहेर गेला की पाटा आडव्या एस अक्षरासारखा मुरडतो. यालाच एक्सल रॅप म्हणतात. ब्रेक मारला की हीच मुरड उलट्या बाजूला पडते.

महामार्गावर हे फारसं जाणवत नाही, कारण रस्त्यावर जोर सावकाश लागतो. खरी परीक्षा जीपची. 1947 मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हापासून पुढे-मागे पाटे हीच आपल्याकडच्या जीपची घडण राहिली. 2010 च्या थारच्या काही प्रकारांना पुढे टॉर्शन बार मिळाले, मागे पाटेच राहिले. 2020 च्या थारने मागेही कॉइल घेतली. पण जुन्या जीपा अजून भरपूर आहेत, आणि पावसाळ्यात वाडा-शहापूरकडच्या चिखलात त्या हौसेने घातल्या जातात.

चिखलात लावायच्या हळू पण जोरदार गिअरमध्ये, म्हणजे लो रेंजमध्ये, काय होतं त्याचा हिशेब करून पाहा. इंजिनाचा टॉर्क 250 न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरने तो चौपट झाला, लोमध्ये अडीचपट, हाउसिंगमध्ये पुन्हा चौपट. गुणाकार येतो 10,000. एवढा सगळा जोर मागच्या पाट्यांवर येत नाही. काही पुढच्या हाउसिंगकडे जातो आणि टायर घसरला की उरलेला सुटतो. मात्र घोळ त्या घसरण्यातच आहे. टायर पकड घेतो, पाटा मुरडतो. टायर सुटतो, पाटा झटक्याने सरळ होतो. टायर पुन्हा पकडतो. गाडीचा मागचा भाग धाडधाड उड्या मारू लागतो आणि प्रत्येक उडीचा दणका प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटमधल्या क्रॉसला बसतो. क्रॉस तुटला की दोष नेहमी क्रॉसच्या कंपनीला दिला जातो.

हौशी लोक यात आपल्या हाताने भर घालतात. मोठे टायर लावले की तीच पकड जास्त जोराने हाउसिंगला फिरवते. उंची हवी म्हणून मुळात हाउसिंगच्या खाली असलेले पाटे वर घेतात; टायर जमिनीला टेकतो तिथून पाटा आणखी लांब जातो, तसा तो आणखी सहज मुरडतो. मध्ये उंच ठोकळा घालणं तर त्याहून वाईट.

यावर नेहमीचा इलाज म्हणजे जाड पाटा किंवा एखादा जास्तीचा पाटा. मुरड कमी होते, हे खरं. पण गाडी दगडावर चढताना चाक खाली-वर झालं पाहिजे, तेच थांबतं, आणि बसणाऱ्याची कंबर जाते ती वेगळीच. मऊपणा हवा म्हणून जीप घ्यायची आणि मग तिचा टेम्पो करायचा, यात मला काही शहाणपण दिसत नाही. त्याआधी साध्या गोष्टी बघाव्यात: बुश झिजलेत का, यू-बोल्ट सैल आहेत का, पाट्यांना एकत्र धरणाऱ्या क्लिपा जागेवर आहेत का. क्लिप गेली की उलट ताणाच्या वेळी मेन पाटा एकटा पडतो.

खरं उत्तर खडी वाहणाऱ्या दहाचाकी डंपरखाली आहे. त्याच्या मागच्या जोडीत पाट्याची टोकं एक्सलवर नुसती टेकलेली असतात, सरकतात. ती एक्सलला फिरण्यापासून रोखूच शकत नाहीत. म्हणून चासी आणि एक्सल यांच्यामध्ये टॉर्क रॉड दिलेले असतात. पाट्याने वजन घ्यायचं, रॉडने पीळ घ्यायचा. कामाची ही वाटणी कारखान्यातच झालेली आहे.

जीपला तीच वाटणी ट्रॅक्शन बारने मिळते. हाउसिंगच्या नळीला वरून आणि खालून, अशा दोन ठिकाणी धरलेला मजबूत दांडा पुढे चासीच्या आडव्या पट्टीपर्यंत आणतात. मोठी चूक होते ती पुढच्या टोकाला. तिथे बार थेट चासीला पक्का केला तर हाउसिंग खाली-वर होताना बारचा वळसा एक आणि पाट्याचा दुसरा, दोघं एकमेकांना ओढू लागतात. चाक अडकतं, नाहीतर ब्रॅकेट फाटतं. म्हणून पुढच्या टोकाला शॅकल (झुलती कडी) हवा. तो बारला पुढे-मागे सरकू देतो, पण वर उठू देत नाही. शॅकलच्या जोडात रबरी बुश किंवा गोल फिरणारा जॉइंट हवा, म्हणजे एक चाक वर आणि एक खाली असताना बार पिळला जाणार नाही. बार प्रोपेलर शाफ्टच्या लांबीच्या आसपास असला की चांगलं जमतं, आणि एकच पुरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करतं, तेव्हा हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

आपल्या गाडीला बारची गरज आहे का, हे बघायला मिस्त्री लागत नाही. मोबाइल चासीला घट्ट बांधून पिनियनकडे रोखा, मोकळ्या जागी लोमध्ये चढ चढा आणि चित्रीकरण बघा. गाडीखाली कुणी झोपून बघायचं नाही. तोंड किंचित उठत असेल तर बुश आणि यू-बोल्टवर भागेल. स्पष्ट उठत-पडत असेल तर बार घ्या. आणि कुठल्याही कारणाने कुणी पाट्यावर वेल्डिंग मारतो म्हणाला, तर गाडी तिथून काढा. कडक केलेलं पोलाद वेल्डिंगच्या कडेलाच तुटतं.