वऱ्हाडातील उन्हाळी मासेमारी : आटत्या डोहातील मरळ

चैत्र सरत आला की वऱ्हाडातील लहान नद्यांचे प्रवाह तुटतात. पूर्णा व तिच्या उपनद्या यांच्या पात्रांत ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात, आणि गावतळ्यांचे पाणी काठापासून मागे सरून मधल्या खोलगट भागात गोळा होते. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात उष्णतामान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. शेतातील कामे या दिवसांत मंदावलेली असतात. त्यामुळे भोई व ढीवर बांधवांच्या जोडीला अनेक हौशी शेतकरीही गळ किंवा जाळे घेऊन पाण्यावर जातात. पाणी थोडे आणि मासा एकवटलेला, म्हणून थोड्या श्रमात पुष्कळ मासळी हाती लागते. मात्र पुढील वर्षी त्या पाण्यात मासा राहणार की नाही, हेही याच दोन महिन्यांत ठरत असते.

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, आणि पाणी जसजसे तापते तसतसा त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश उष्णतामानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो आणि ३५ अंशांस जेमतेम ७ मिलिग्रॅम उरतो. उलट, कोमट पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. त्यातच पाणी शेवाळाने हिरवेगार झालेले असले तर अडचण दुणावते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, परंतु रात्रभर ते तो वापरीत असते. म्हणून पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. रोहू, कटला, मृगळ हे मासे अशा वेळी पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. पाहणाऱ्यास तो माशांचा खेळ वाटतो. वास्तविक ती गुदमरण्याची खूण होय.

मरळ या बाबतीत वेगळा आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवेतून श्वास घेण्याची सोय असते व थोड्या थोड्या वेळाने तो वर येऊन हवा घेऊन जातो. ज्या पाण्यात रोहू मरतो त्या पाण्यात मरळ तग धरतो. तळे आटत आल्यास ओल्या चिखलात शिरूनही काही काळ जगतो. पाण्याबाहेर काढल्यावर ओल्या गोणपाटात तो बराच वेळ जिवंत राहतो, म्हणून बाजारात जिवंत मरळ चढ्या भावाने खपतो. शेजारच्या तेलंगणाने तर मरळास राज्याचा मासा म्हणून मान दिला आहे. अमेरिकेतील तळ्यांत ‘बास’ नावाचा असाच शिकारी मासा आहे. उन्हाळ्यात तोही दिवसा सावलीस दडतो, सकाळ-संध्याकाळ भक्ष्याला निघतो आणि आपल्या पिलांची राखण करतो. तेथील हौशी मासेमार त्याच्या मागे ज्या वेळा व जागा धुंडाळतात, त्याच येथे मरळासाठी उपयोगी पडतात.

मरळ धरावयाचा तर ऊन चढण्यापूर्वी किंवा दिवस कलल्यावर. भर दुपारी तो जलपर्णीच्या खाली, पाण्यात वाकलेल्या बेशरमाच्या झुडपांत किंवा काठच्या बाभळीच्या सावलीत स्वस्थ पडून राहतो व आमिषाकडे सहसा फिरकत नाही. गळाला गांडूळ, लहान मासा किंवा बेडकी लावतात. वनस्पतींच्या कडेने आमिष पृष्ठभागावरून हलके ओढीत नेल्यास मरळ झडप घालतो. तो श्वासासाठी वर आला की पाण्यावर लहानसे वलय उठते. अनुभवी माणूस ते हेरून तेथेच गळ टाकतो. याला घाई उपयोगाची नाही, आणि काठावर पावले आपटणाऱ्या सोबत्याला घरी ठेवणेच बरे.

ओढजाळ्याची गोष्ट निराळी. बाजार गाठण्यासाठी पहाटे अंधारातच जाळे ओढण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. भरपूर पाणी असताना तीत वावगे काही नाही. परंतु उथळ, हिरव्या पाण्यात त्याच वेळी प्राणवायू तळाला गेलेला असतो. जाळ्याने गाळ ढवळला गेला की सडक्या पदार्थांतील विषारी वायू वर येतात आणि जाळ्यातून सुटलेला मासाही दुपारपर्यंत पोट वर करून तरंगू लागतो. अशा तळ्यात सूर्य कासराभर वर आल्यावरच जाळे टाकावे व एका दिवसात सारे तळे ओढून काढू नये.

शेततळ्यात किंवा गावतळ्यात मासे वर येऊन तोंड उघडू लागल्यास त्या दिवशी खाद्य व शेण टाकणे बंद करावे. विहिरीचे पाणी उंचावरून तुषारांसारखे पडेल अशा रीतीने सोडावे. पंप नसल्यास बांबूंनी पृष्ठभागाचे पाणी झोडपावे, मात्र तळाचा गाळ हलू देऊ नये. खारपाणपट्ट्यात थोडे अधिक जपावे लागते. तेथील बहुतेक विहिरींचे पाणी मुळातच खारे, आणि बाष्पीभवनाने तळ्यातील क्षारही उन्हाळ्यात वाढलेले असतात. असे पाणी एकदम न सोडता प्रथम थोडे सोडून माशांवर काय परिणाम होतो ते पाहावे.

महान येथील काटेपूर्णा किंवा मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा यांसारख्या मोठ्या जलाशयांत खोल पाणी असल्याने हा धोका पुष्कळ कमी असतो. ही धरणे अनुक्रमे अकोला व अमरावती शहरांची तहान भागवितात, म्हणून तेथील पाण्याची राखण हा केवळ मासेमारांचा प्रश्न नाही.

खरी चिंता लहान डोहांची आहे. रोहू, कटला व मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. तथापि १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजनन यशस्वी केल्यापासून त्यांचे बीज केंद्रांत तयार होऊ लागले, आणि तळे रिकामे झाले तरी ते विकत आणून सोडता येते. मरळाची पिले एकमेकांसच खातात. त्यामुळे त्याचे बीज तयार करणे अवघड जाते व ते त्या मानाने दुर्मीळ असते. डोहात उरलेली नर-मादीची जोडी हेच गावाचे बीजभांडार. कार्पचे बीज सोडावयाच्या तळ्यातून मरळ आधी काढून टाकलेच पाहिजेत, कारण ते बोटुकली फस्त करतात. पण नदीच्या डोहातून त्यांचा निर्वंश करण्याचे काहीच कारण नाही.

असे असताना, ज्याच्या ठेक्याची मुदत संपत आली असेल त्याला शेवटच्या उन्हाळ्यात सारा डोह उपसून काढण्याचा मोह होतो. पुढच्या ठेकेदाराला आपण मासे का ठेवावेत, हा त्याचा विचार व्यवहारी असला तरी नुकसान साऱ्या गावाचे होते. ठेका देतानाच एक खोल भाग राखून ठेवण्याची अट संस्थेच्या सभासदांनी आपसांत ठरवून घ्यावी. काही जण याहून पुढे जाऊन ब्लीचिंग पावडर, कीटकनाशके किंवा सुरुंग वापरतात. सुरुंगाने व विषाने मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यपालन अधिनियमापासूनच गुन्हा ठरले आहे. शिवाय त्याच डोहावर गुरे पाणी पितात, हे ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी उघड सांगावे.

मरळ सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीचा झाला की प्रजननास योग्य होतो. त्याहून लहान मासा गळाला लागल्यास पाण्यात परत सोडावा. पावसाच्या आरंभी नव्या पाण्याच्या कडेस कधी कधी तांबूस-केशरी पिलांचा दाट पुंजका पृष्ठभागावर हलताना दिसतो. त्याच्या खाली आईबाप असतात व जवळ येणाऱ्या कोणावरही धावून जातात. म्हणून या वेळी त्यांना गळाने धरणे फार सोपे असते. ते धरले गेले की बेडूक व इतर मासे थोड्याच वेळात पिलांचा फडशा पाडतात. तो पुंजका विखुरला जाऊन पिले स्वतंत्रपणे हिंडू लागेपर्यंत त्या काठाला गळ टाकू नये.