बेलापूर स्टेशन आणि श्रीरामपूर

ताम्रपट हातीं आला म्हणजे संशोधक त्यांतील अक्षर न् अक्षर तपासून पाहातात. परंतु लोहमार्गावरील स्टेशनाच्या पाटीकडे पुरावा म्हणून सहसा कोणी पाहात नाहीं. अशी पाटीही गांवाच्या उत्पत्तीची साक्ष देते, हें अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील दोन स्टेशनांवरून दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

दौंड-मनमाड हा सुमारें १४६ मैलांचा मार्ग इ. स. १८७८ त पुरा झाला. त्या सुमारास दक्षिणेंत भयंकर दुष्काळ होता, व या मार्गाचें मातीकाम हें दुष्काळपीडितांच्या पोटाचें साधन झालें. मार्गाचा मुख्य उद्देश दोन मोठे लोहमार्ग जोडणें हा होता. वाटेंतील प्रत्येक गांवाच्या वेशीपर्यंत जाणें हा नव्हे.

नगर शहर अहमद निजामशहानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलें. स्टेशन झालें तें तटाबाहेर, दक्षिणेस सुमारें दोन मैलांवर. यामुळें माळीवाड्यापासून स्टेशनापर्यंतच्या रस्त्यास महत्त्व येऊन शहर त्या अंगास पसरलें. येथें शहर आधीं, स्टेशन मागून. म्हणूनच २०२४ त शहराचें नांव बदलतांच २०२५ त स्टेशनाचेंही बदललें.

बेलापुराचा प्रकार याच्या उलट आहे. जुनें बेलापूर प्रवरेच्या कांठीं. स्टेशन तेथून कांहीं मैल उत्तरेस. त्यास लोक 'बेलापूर रोड' म्हणत. निरुक्तकार यास्क नामें क्रियेपासून निघालीं असें मानतो. या नामांतही एक क्रियाच आहे. 'येथें उतरा व बेलापुरास जा' एवढाच त्याचा अर्थ. पुढें इ. स. १९२६ त भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस वाढला, आणि हरेगांव व टिळकनगर येथें साखरेचे कारखाने उभे राहिले. यंत्रें व कोळसा आणण्यास आणि साखर धाडण्यास लोहमार्ग जवळ हवा होता. पाणी व वाहतूक यांची अशी गांठ पडल्यावर उतारू ज्या जागीं केवळ उतरत, तेथें पेठ बसली. तिचेंच श्रीरामपूर झालें व तें तालुक्याचें ठाणें बनलें. तथापि स्टेशनाच्या पाटीवर बेलापूरच राहिलें.

श्रीरामपुरांत राहाणारास हें नांव उपरें वाटल्यास नवल नाहीं. आम्हांस मात्र तें त्या शहराचें जन्मटिपण वाटतें. उद्यां पाटी बदलेल, न बदलेल. तो निर्णय लोकांचा आहे. परंतु व्यापाऱ्यांच्या घरीं असलेल्या मालाच्या जुन्या पावत्या, पत्रव्यवहार व पेठेचे नकाशे यांची नोंद तत्पूर्वीं झाली पाहिजे. तांबें टिकतें, कागद टिकत नाहीं. शंभर वर्षांच्या आंतील हें शहर आपल्या जन्माचा पुरावा आजच गमावूं लागलें, तर पुढील संशोधकानें तो कोठें शोधावा?