तेरावा सेक्टर आणि एक तपासनीस

चंडीगडची आखणी करणाऱ्यांनी सेक्टरांना क्रमांक देताना १२ नंतर एकदम १४ गाठले, आणि त्यामुळे १३ हा आकडा कित्येक दशके त्या शिस्तप्रिय नगराच्या फेरिस्तीत आढळत नव्हता. २०२० साली मात्र प्रशासनाने मनीमाजरा या जुन्या वस्तीलाच ते रिकामे पद बहाल केले. संपादकांनी मला तेथे धाडले ते यासाठी नव्हे. शेजारच्या राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्कमुळे तिकडे स्थिरावलेल्या मराठी मुलामुलींवर काही लिहावे, एवढाच त्यांचा हुकूम होता. मनीमाजऱ्याच्या राजा गोपालसिंगाने १८११ ते १८१५ या काळात मनसादेवीचे देऊळ उभारले, इतका इतिहास गाडीत वाचून मी बाजारातल्या एका दुकानावरच्या खोलीचा जिना चढलो, आणि जिचे नावही तोवर कानी आले नव्हते अशा एका यंत्रणेपुढे तीन तास बसून राहिलो.

खोली साताऱ्याकडच्या एका मुलीची. ती गॅट्सबी नावाच्या फ्रेमवर्कवर संकेतस्थळे रचते. फ्रेमवर्क स्वतः थोडेच करते. छायाचित्रे आटोपशीर करणे, बाहेरून मजकूर आणणे ही कामे प्लगइनांकडे असतात, आणि त्यांनी ती कशी करावीत हे वापरणाऱ्याने कन्फिगच्या फाइलीत ऑप्शन लिहून कळवायचे असते. ती म्हणाली, "काका, पूर्वी तिथं काय लिहिलंय हे कुणी विचारतच नव्हतं." आपल्या शाळांत 'कलर' या शब्दात 'यू' शिकवतात, अमेरिकी प्लगइनला तो ठाऊक नसतो, तेव्हा तो ऑप्शन कोणी वाचत नसे, रंग बदलत नसे, तक्रारही उमटत नसे, आणि माणूस मध्यरात्रीपर्यंत आपलीच अक्कल तपासत बसे.

२०२० च्या उत्तरार्धात, २.२५ व्या आवृत्तीत, यावर उपाय निघाला. प्रत्येक प्लगइनकर्त्याने 'प्लगइन ऑप्शन्स स्कीमा' नावाचे एक फंक्शन द्यावे, आणि कोणता ऑप्शन अनिवार्य, कोणता ऐच्छिक, कोणाचे मूल्य संख्या, कोणाचे होय-नाही, काहीच न लिहिल्यास काय गृहीत धरायचे, हे सारे त्यात नमूद करावे, अशी ती व्यवस्था. शहानिशेचे प्रत्यक्ष काम जॉय ही लायब्ररी करते. ती मूळची वॉलमार्टमध्ये हॅपी या दुसऱ्या फ्रेमवर्कसाठी घडली. बिल्ड, म्हणजे संकेतस्थळाची पाने घडवण्याची क्रिया, सुरू होताच, पहिले पान तयार होण्यापूर्वी, ही झडती होते.

मुलीने माझ्यासमोर मुद्दाम तीन चुका केल्या: एक अनिवार्य ऑप्शन गाळला, संख्येच्या जागी शब्द लिहिला, आणि यादीबाहेरचे एक मूल्य दिले. टर्मिनलवर तांबड्या अक्षरांत तिन्ही तक्रारी एकदम उमटल्या. मला जे कौतुक वाटले ते या 'एकदम'चे. एका कचेरीत साध्या दाखल्यासाठी मी चार हेलपाटे घातले आहेत. पहिल्या दिवशी तिकीट नाही, दुसऱ्या दिवशी सही चुकीच्या रकान्यात, तिसऱ्या दिवशी छायांकित प्रत साक्षांकित नाही, आणि प्रत्येक वेळी कारकुनाला पुढचा दोष आधीच दिसत असावा असा माझा आजही दाट संशय आहे. जॉयचा स्वभावही मुळात तसाच, म्हणजे पहिली चूक सापडताच थांबण्याचा. गॅट्सबीच्या कर्त्यांनी एक सूचना देऊन तो मोडला. सर्व दोष एकाच वेळी सांगणारा तपासनीस, मग तो यांत्रिक का असेना, मी प्रथमच पाहत होतो.

परंतु मुलीला माझा हा हर्ष फारसा रुचला नाही. "हा कागद बघतो, माणूस नाही," ती म्हणाली. ऑप्शन म्हणून एखादे फंक्शन दिले, तर ते फंक्शन आहे एवढीच ग्वाही मिळते. आत काय शिजते ते कळत नाही. बाहेरून मजकूर आणण्यासाठी लागणारी गुप्त किल्ली रीतसर अक्षरांची असली म्हणजे आत येते, मग ती गेल्या महिन्यात रद्द झालेली का असेना. तिचा खरेपणा समोरच्या सर्व्हरला विचारण्याची सोय आहे, पण मग इंटरनेट रुसले की बिल्डही रुसते. अनोळखी ऑप्शन दिसल्यास फ्रेमवर्क नुसती वॉर्निंग देते, काम थांबवत नाही, कारण थांबवले असते तर चालती जुनी संकेतस्थळे एका रात्रीत बंद पडली असती. आणि वॉर्निंग कोण वाचतो? शिवाय २०२३ मध्ये गॅट्सबीची कंपनी नेटलिफायने विकत घेतली, तेव्हापासून त्या घरात वर्दळ कमी झाली आहे. जुन्या प्लगइनांचे स्कीमा ज्याचे त्यानेच सांभाळायचे.

सर्वांत मोठी अडचण तिच्या स्वतःच्या प्लगइनात निघाली. दुकानांच्या सूचीसाठी लिहिलेल्या त्या प्लगइनात सेक्टरांची अनुज्ञेय यादी तिने जुन्या नकाशावरून उतरवून घेतली होती, आणि त्यात अर्थातच १३ नव्हता. परिणामी खोलीखालच्या दुकानदाराचा पत्ता तिच्याच स्कीमाने नामंजूर केला. तिने १३ घातला. दुकानदाराच्या बिलबुकावर अद्याप 'मनीमाजरा' छापलेले, म्हणून तोही शब्द घातला. स्कीमा संतुष्ट झाला, टर्मिनल हिरवे झाले, आणि पंधरवड्याने दुकानदार जिना चढून आला: माझे दुकान कुठे गेले? पाने तयार करणाऱ्या कोडमध्ये सेक्टरांची दुसरी यादी होती, आणि तिला फक्त आकडे कळत होते.

मी उठलो तेव्हा तिने पडद्याचे दोन भाग केले होते. डावीकडे स्कीमा, उजवीकडे कोड, आणि काचेवर बोट टेकवून ती दोन्ही याद्या ओळीने ताडून पाहत होती.