संगणकाला न दिसणारी वही

हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील पेढ्यांवर एके काळी सारा हिशेब लाल बांधणीच्या वह्यांत असे. वहीपूजनाची परंपरा आजही चालू आहे. परंतु कापसाची खरेदी, जिनिंगची बिले आणि उधारीची खाती आता संगणकात असतात व त्यांची प्रत बाह्य हार्ड डिस्कमध्ये. ती डिस्क जोडूनही संगणकाने तिची दखल घेतली नाही, तर व्यापाऱ्याच्या छातीत धस्स होते. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२३-२४ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. तेव्हा त्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत सांभाळणे आले.

अशा वेळी प्रथम कान द्यावा. डिस्कमधून टकटक किंवा खरखर ऐकू आली, तर ती तत्काळ काढावी आणि पुन्हा न जोडता माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे सोपवावी. असा आवाज नसेल, तर दोष पुष्कळदा केबलचा किंवा अपुऱ्या विजेचा असतो. केबल बदलावी, हब टाळावा आणि डेस्कटॉप संगणकाच्या मागील बाजूस डिस्क थेट जोडावी. मोठ्या आकाराच्या डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर लागतो. तो चालू आहे का, हे पाहावे. त्यानंतर दुसऱ्या संगणकावर जोडून पाहावे. तेथे ती उघडली, तर प्रथम माहितीची प्रत करून घ्यावी; दोष पहिल्या संगणकात शोधावा.

दोन्हीकडे दिसली नाही, तर विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे डिस्क असून तिला केवळ अक्षर मिळालेले नसेल, तर ते देताच ती बहुधा उघडते. मात्र ‘रॉ’ किंवा ‘अनअ‍ॅलोकेटेड’ असे लिहिलेले असेल, अथवा ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना आली, तर ‘कॅन्सल’ हेच बटण दाबावे. घाईने केलेल्या फॉरमॅटने परत मिळू शकणारी माहितीही धोक्यात येते. दुरुस्तीचा ‘चेकडिस्क’ हा आदेशही डिस्कवर नव्याने लिहितो; म्हणून दुसरी प्रत नसताना तो वापरू नये.

खरा उपाय बिघाडापूर्वीचा आहे. हिशेबाच्या तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर आणि त्यांतील एक पेढीबाहेर असावी. प्रत घेऊन झाल्यावर डिस्क विधिवत ‘इजेक्ट’ करून काढून ठेवावी. सतत जोडलेल्या डिस्कपर्यंत खंडणीखोर व्हायरसही पोहोचतो. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत ती बंद मोटारीत मुळीच राहू देऊ नये. महिन्यातून एकदा जुनी फाईल उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिलीच नाही, तिच्यावर पेढीचा भार टाकणे शहाणपणाचे नव्हे.