मनाचा उपचार व आपलीं मूल्यें

मनांतील भीति गेल्यावांचून मनाजोगें जगतां येणार नाहीं, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांस १९७८ सालीं प्राध्यापकांच्या बैठकींत भीतीनें असें ग्रासलें कीं, तोंडांतून शब्द फुटेना. ती हुसकावूं जावें तों वाढतच गेली. पुढें सहकाऱ्यांसह त्यांनीं 'स्वीकार व बांधिलकी' ही उपचारपद्धति बसविली. तिच्यावरील ग्रंथ १९९९ सालीं निघाला.

या पद्धतींत साध्य व मूल्य यांत भेद करितात. पदवी, विवाह हीं साध्यें; तीं मिळालीं कीं संपतात. जिव्हाळा, जिज्ञासा हीं मूल्यें. तीं दिशेप्रमाणें कधींच संपत नाहींत. भीति सोबत असतांनाच त्या दिशेनें आजचें एक लहानसें पाऊल टाकावयाचें.

एकत्र कुटुंबांत मात्र आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा, असें आम्हांस वाटतें : हें मूल्य माझें, कीं लोकलज्जेचें? वडीलधाऱ्यांची सेवा दोहोंमुळें घडते. पण धाकानें केलेली सेवा मनांत कुढत राहते. उद्यां घरांतील सुनेनें हा प्रश्न मोकळेपणानें विचारला, तर वाचकहो, तिचें उत्तर तिला शोधूं देण्याचें धैर्य आपणांत आहे काय?